उंबऱ्याबाहेरचं गाऱ्हाणं

वायंगणकरबाईंना कुणी विचारलं, "बाई, काही मदत करू का?" की त्या लगेच उलट विचारत, "कसली?" विचारणारा गडबडायचा. त्याला मदत करायची नसायची, नुसतं विचारायचं असायचं. बाई मग म्हणत, "रवांदे रे बाबा. तुझी चाय थंड जायत."

आमच्या विद्यापीठ उपकेंद्रात त्या मत्स्यशास्त्र शिकवत आणि मी मराठी. पोलिओने लहानपणीच त्यांचे पाय गेले होते. देवबागहून जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून त्या यायच्या आणि कुबड्या टेकत चिऱ्याच्या उंच पायऱ्या चढायच्या. खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यांतले जीव, शिकवताना एखादा शिंपला उघडून दाखवत आणि म्हणत, "तिसरीक एकच पाय. तरी ती आपली आपण रेवेत जाता. तिका कोण उचलून न्हेता काय?" मुलं हसायची. बाई हसत नसत.

मग वर्षानुवर्षं कुबड्या पेलून त्यांचे खांदे कामातून गेले आणि चाकाची खुर्ची आली. पायऱ्यांशी दोन शिपाई ती खुर्ची बाईंसकट उचलायचे. बाईंना हे मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "मी काय पालखी आसंय?" त्या मला म्हणाल्या. "पालखी सुदीक वरसान एकदाच उचलतत." त्यांना एकच गोष्ट हवी होती. आपल्या कामाच्या जागी आपलं आपण आत जायचं होतं.

पायऱ्या टाळून खुर्ची वर जाईल असा उतरता रस्ता बांधावा अशी मागणी त्यांनी केली. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दोन पावसाळे गेले. शेवटी रस्ता झाला. त्याच्या वरच्या टोकाला सभागृहाच्या भिंतीत नवं दार पाडलं, फिती लागल्या, संचालक आले. आमच्याकडे कुठल्याही कामाच्या आरंभी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तेही झालं. नारळ फुटला आणि बाई स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत वर गेल्या. दारात खुर्ची अडली. तिथे फणसाच्या लाकडाचा, चांगला चार बोटं उंच उंबरा होता. वर हळदकुंकू लावलेलं.

"ह्यो कशाक?" बाईंनी विचारलं.

ठेकेदार बिचारा मनापासून म्हणाला, "बाई, बिनउंबऱ्याची वास्तू खंय आसता?"

"शिपाई आहेत ना," संचालक म्हणाले. "उंबऱ्यापुरतं तर उचलायचंय."

मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलो. त्यानंतर प्रत्येक बैठकीत ओरडलो. संचालक शांतपणे म्हणायचे, "सर, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे." शंभर टक्के बरोबर असलेल्या गोष्टीचं पुढे काय करायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही. चौकटीला हात लावायला मुख्य कार्यालयाची मंजुरी हवी होती, आणि पूजा झालेल्या उंबऱ्यावर पहार घालायला कुणी धजत नव्हतं. मी एक तिरकी फळी करून आणली. ती असली की दार लागत नाही म्हणून संध्याकाळी कुणीतरी काढायचं आणि सकाळी ती सापडायची नाही. मी चिडलो की बाईच मला समजावत, "तू कशाक रक्त आटवतंस? हय 'नाय' असा कोण म्हणाक नाय, हीच तर पंचाईत."

एकदा दोन्ही शिपाई संचालकांबरोबर बांद्याला गेले होते. मुलं बाईंना उचलायला पुढे आली. बाईंनी त्यांना आत बसवलं आणि भर उन्हात, उंबऱ्याबाहेरूनच तास घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती मागितली. मंजुरी मात्र झटपट आली. मी भांडायला गेलो तर म्हणाल्या, "माका कोणी काढूक नाय रे. फक्त भितर घेवक नाय."

निरोपाचा समारंभ अर्थातच सभागृहात ठेवला. शिपाई पुढे झाले तशी बाईंनी हात वर केला. "आज नको. मी हयच बरी." त्या दाराबाहेर बसल्या. मीही त्यांच्या शेजारी कठड्यावर बसलो. आत संचालक बाईंच्या जिद्दीवर बराच वेळ बोलले. मग दोन शब्द बोला म्हणून कुणीतरी माईक दाराशी आणून दिला.

बाईंनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेक नोकरी सोडून जाता."

"व्हय म्हाराजा," आतून सवयीने आवाज आला.

"हिच्या जाग्यार उद्या दुसरा कोण येयत. तेचे पाय नसतीत, नायतर डोळे नसतीत."

"व्हय म्हाराजा."

"तेका तरी आपल्याआपण भितर येवची वाट गावांदे."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्यो उंबरो काढूची बुद्धी हेंका दी."

"व्हय म्हाराजा!" सभागृह दणाणलं. संचालकांचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता. मग टाळ्या झाल्या आणि वड्यांच्या बशा फिरू लागल्या.

बाईंनी माईक माझ्या हातात दिला. "आयकलंस? व्हय म्हणाक नुसता तोंड लागता. उंबऱ्याक पहार लागता."

त्यांनी खुर्ची वळवली. शिपाई धावत आले, पण बाई तोवर उतारावरून एकट्याच खाली निघाल्या होत्या. स्कूटरपर्यंत त्यांना कुणाचीच गरज लागली नाही. बाहेर जायच्या वाटेत कुठेच उंबरा नव्हता.