मेणात उरलेला तुकडा

माझ्या नणंदेला इस्पितळात सगळे मुंगी म्हणतात. मी तोंडावर वन्सं म्हणते. पाठीमागे काय म्हणायचे ते विचारू नका. माझं इस्त्रीचं दुकान आहे, मला सगळं झटपट लागतं. आणि या बाई कप विसळायलाही मुहूर्त काढणाऱ्या. एका छपराखाली वीस वर्षं कशी काढली ते माझं मला ठाऊक.

त्यांचं कामही तसलंच. रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, यंत्राच्या पात्यावर त्याचे काप काढायचे, केसाहून कितीतरी पातळ. काप कोमट पाण्यावर तरंगतो. तो काचेवर अलगद उचलून रंगवायचा आणि तपासायला डॉक्टरीणबाईंकडे द्यायचा. बाकीच्यांचं काम तिथे संपतं. वन्सं मात्र प्रत्येक काच आधी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. नसत्या उठाठेवी सांगितल्यात कुणी, असं मी कितीदा म्हटलं असेल.

चार वर्षांपूर्वी मला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. नवऱ्याला सांगितलं, वन्संना नाही. त्याच आठवड्यात आमचं कडाक्याचं वाजलं होतं आणि मला त्यांची कीव नको होती. माझा तुकडा त्यांच्याच टेबलावर जाणार हे माहीत होतं, पण तिथे नाव नसतं, नुसता नंबर. रिपोर्ट आला: चपट्या पेशींचा, नेहमी आढळतो तो प्रकार. गाठ लहान होती. सोमवारी ऑपरेशन ठरलं.

शुक्रवारी डॉक्टरांनी बोलावून घेतलं आणि ऑपरेशन थांबवलं. काचेच्या कडेला एक गडद ठिपका होता. तुकडा काढताना चिमट्यात चुरगळलेल्या पेशी तशाच दिसतात, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तो सोडून दिला होता. रिपोर्टही गेला होता. पण प्रयोगशाळेतल्या एक बाई हटून बसल्या. मेणात अजून तुकडा उरलाय, काप घेत खाली उतरून बघते, म्हणाल्या. दिवसभर काप काढत राहिल्या. तळाशी बारीक, काळपट पेशींची दाटी निघाली. दुसऱ्याच जातीची.

डॉक्टरांनी समजावलं, रोगाचं नाव एकच, पण पेशी तशी त्याची चाल. चपट्या पेशी बहुधा बराच काळ जागच्या जागी राहतात. या बारीक पेशी लवकर रक्तातून पळतात. नुसती गाठ काढली असती तर पळालेल्या तशाच राहिल्या असत्या. आता आधी सगळ्या अंगात पोचणारं औषध, मग पुढचं. धोका मोठा आहे, तेही त्यांनी लपवलं नाही. त्या बाई कोण, हे मी विचारलंच नाही. एवढा चिवटपणा दुसरं कोण करणार?

घरी येऊन वन्संना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून रिपोर्ट घेतला आणि त्यावरचा नंबर दोनदा वाचला.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेल्या आणि काच दाखवली. देवा रे! माझ्याच अंगातलं, जांभळं-गुलाबी, आणि काय देखणं! एकीकडे ऐसपैस चपट्या पेशी, दुसरीकडे त्या बारीक, एकमेकींना खेटून बसलेल्या. मधे रेघभर अंतर. त्या रेघेवर माझा जीव अडकला होता, आणि ज्या हातांना मी जन्मभर मंद म्हटलं त्यांनी ती शोधून काढली होती.

औषधं झाली, किरण झाले, केस गेले नि आले. अजून दर सहा महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. पण दुकानात उभी आहे.

एक प्रश्न मात्र मनातून जात नव्हता. परवा विचारून टाकला, "वन्सं, तो नंबर माझा आहे हे कळलं असतं तर आणखी किती खाली उतरला असता हो?"

त्यांनी हातातला कप विसळून सावकाश पालथा घातला.

"उतरलेच नसते," त्या म्हणाल्या. "तुझा आहे म्हटल्यावर त्या पेशी चुरगळलेल्याच आहेत, असं मीही भीतीपोटी मानून घेतलं असतं."