सप्टेंबरमधला हीटर

मला थांबता येत नाही. लिफ्टला उशीर झाला की मी जिना धरते, आणि आम्ही राहतो अकराव्या मजल्यावर. दूध तापेपर्यंत ओट्यापाशी उभं राहणं मला शिक्षा वाटते, म्हणून मी मधेच कपडे वाळत घालायला जाते आणि दूध उतू जातं. पायाला भिंगरी लावूनच आलीय ही, असं माझी आई म्हणायची. नवरा नेमका उलटा. त्याचा लाडका शब्द 'बघू'. कुठलंही घोंगडं त्याच्या हाती द्या, तो ते भिजत घालणार.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची नोकरी गेली. दुबईतल्या ज्या कंपनीत तो अकाउंट्स सांभाळायचा तिने त्याचा अख्खा विभागच बंद केला. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसांना थोड्या महिन्यांत गाशा गुंडाळावा लागतो. शारजात, आमच्या अल मजाजच्या इमारतीतून अशी किती घरं गेलेली मी पाहिली होती. पण आमच्याकडे एक गोष्ट निराळी होती. लॉन आणि बागांची निगा राखायचा माझा छोटासा धंदा होता, लायसन्स माझ्या नावावर होतं, आणि त्याच्या जोरावर मी नवऱ्याला माझ्या व्हिसावर घेऊ शकत होते. मी त्याला सरळ विचारलं, "माझ्या व्हिसावर राहतोस, की पुण्याला जायचंय?"

"बघू," तो म्हणाला.

आमच्या संसारात मी त्याला विचारलेला एवढा मोठा हा पहिलाच प्रश्न असेल, आणि उत्तर काय, तर बघू. जून गेला, जुलै गेला. तो सोफ्यावर बसून पुण्यातल्या आमच्या रिकाम्या फ्लॅटचे फोटो फोनवर मोठे करकरून बघायचा. भिंतीला ओल आली आहे का, हे त्याला इथून दिसायचं. मुलगी जर्मनीत शिकत होती. तिला फोन केला तर ती म्हणाली, "आई, गिव्ह हिम स्पेस." आता अकराव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मी त्याला आणखी किती स्पेस देणार होते?

शेवटी मीच त्याला उचलून गाडीत घातलं. म्हटलं, घरात बसून सडू नकोस, माझ्याबरोबर कामावर चल.

ही गाडी मुळात त्याचीच हौस. मुलगी लहान असताना त्याने ती जुनी एसयूव्ही घेतली होती, वाळवंटात फिरायला. आम्ही चारपाच वेळा गेलो, दर वेळी वाळूत रुतलो आणि दर वेळी कुणीतरी हसत हसत ओढून बाहेर काढलं. मग ती बेसमेंटमध्ये धूळ खात पडली. मी शेजारपाजारच्या बाल्कन्यांमधल्या कुंड्या सांभाळता सांभाळता दुबईतल्या व्हिलांच्या लॉनपर्यंत पोचले, तेव्हा मला तिची आठवण झाली. रास अल खोरच्या एका गॅरेजमध्ये तिला मागे हुक बसवला आणि एक उघडा ट्रेलर जोडला. त्यात गवत कापायचं मशीन, कडा कापायचा कटर, पानं उडवायचा ब्लोअर, दाताळी, पाइप. ट्रेलर भरला की गाडीपेक्षा मोठा दिसायचा. नवऱ्याने पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाला, "नाकापेक्षा मोती जड."

आता तोच शेजारच्या सीटवर बसून उंटावरून शेळ्या हाकायला लागला. लेन बदल. ब्रेक आधी दाब, मागे वजन आहे. इतक्या जवळ जाऊ नकोस. तीन वर्षं मी तो ट्रेलर ओढत होते, पण ऐकून घेत होते, कारण निदान तो बोलत होता. व्हिलात पोचल्यावर तो कापलेलं गवत गोळा करायचा. त्यातही त्याची तऱ्हा होती. एक कोपरा साफ करून मगच पुढे सरकायचा, आणि तोवर माझं अर्धं लॉन कापून झालेलं असायचं. एका घरच्या इजिप्शियन बाईंनी त्याला पाहून मला विचारलं, नवा माणूस ठेवला का? मी म्हटलं, जुनाच आहे, माझा हबीबी. तो ऐकून हसला. पण परतताना पुन्हा फोनवर फ्लॅटचे फोटो.

सप्टेंबर उजाडला. शाळा सुरू झाल्या, शारजा-दुबई रस्ता पुन्हा तुंबला, आणि त्याच्या व्हिसाची मुदत संपत आली. उकाडा तसाच होता. सकाळी सातलाच खिडकीच्या काचा बाहेरून घामेजायच्या. त्या दिवशी एका व्हिलाच्या लॉनवर पसरायला बारीक वाळूच्या गोण्या न्यायच्या होत्या. मी नेहमीप्रमाणे दोन फेऱ्यांचं काम एकीत उरकायला गेले आणि ट्रेलर काठोकाठ भरला. तो म्हणाला, "अर्ध्या ठेव." मी म्हटलं, "यल्ला, बस गाडीत."

दुबईची हद्द लागायच्या आत गाडीने मान टाकायला सुरुवात केली. चारी बाजूंना गाड्या, कुणी हलेना, आणि इंजिनच्या तापाचा काटा चढायला लागला. लाल पट्टीपाशी पोचला. कडेला घ्यायला जागा नव्हती, कारण मागच्या ट्रेलरसकट मला तीन गाड्यांची जागा लागत होती. इंजिन बसलं असतं तर माझा धंदाही बसला असता. मला गॅरेजवाल्याचं बोलणं आठवलं. तो म्हणाला होता, "मॅडम, बहुत गरम हो जाए तो एसी बंद करो, हीटर फुल चलाओ. इंजन की गर्मी अंदर खींच लेगा." तेव्हा मी हसले होते. दुबईत हीटर!

मी एसी बंद केला, हीटर पुरता उघडला आणि चारी काचा खाली केल्या.

भट्टीचं दार उघडावं तसा वारा तोंडावर आला. बाहेरची हवा दमट, आतली जळती. दोन मिनिटांत आम्ही नखशिखांत भिजलो. शेजारच्या गाडीतला माणूस बंद काचेआडून आमच्याकडे डोळे फाडून बघत होता. नवऱ्याने पाण्याची बाटली उघडली, आधी माझ्या रुमालावर ओतली, मग स्वतःच्या डोक्यावर. मी काट्याकडे बघत होते. तो खाली येत नव्हता, पण वरही जात नव्हता. आणि मला तिथे बसून राहण्याखेरीज काहीही करता येत नव्हतं. उतरता येत नव्हतं, जिना नव्हता, दुसरं काम नव्हतं. माझ्या अंगाची नुसती तगमग झाली आणि मी ओरडले, "अरे, एकदाचं काय ते बोल! राहणार की जाणार? तुला माझ्या व्हिसावर राहायची लाज वाटते का?"

"लाज कसली?" तो म्हणाला. "मला कंटाळा आलाय गं. नोकरी गेली तेव्हा मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. हे तुला सांगायचं कसं?"

एवढे महिने मी त्याला दुखावलेला समजून जपत होते.

"मला घरी जायचंय," तो म्हणाला. "सकाळी चालायला जायचंय, कोपऱ्यावर पेपर घ्यायचाय. तिथे मी काही करीन किंवा करणार नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कारण मी जातो म्हटलं, की तू आपोआप आलीस असं होणार. सगळे असंच धरून चालणार. इथे येतानाही तसंच झालं. तुझी कॉलेजातली नोकरी चांगली चालली होती. मी तिकिटं काढली आणि सांगितलं, निघायचं. तुला विचारलं नाही." त्याने चष्मा काढून शर्टाने पुसला, पण शर्टही ओला होता. "म्हणून आता विचारतोय. तू येशील का माझ्याबरोबर?"

"नाही," मी म्हणाले.

तो प्रश्न विचारून पुरता थांबलाही नव्हता. मला वाटलं होतं, असं काही कुणी विचारलं तर मी विचार करीन, वेळ मागेन, निदान रडेन तरी. पण उत्तर माझ्या तोंडात तयारच होतं, आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

"बरं," तो म्हणाला. पुढच्या गाड्या हलल्या. मी पहिला गिअर टाकला. काटा हळूहळू उतरला, तेव्हा त्यानेच हात पुढे करून हीटर बंद केला. त्या दिवशी आम्ही त्या लॉनवर सगळी वाळू पसरली. तो गोण्या फोडत होता, मी दाताळीने सारखी करत होते, आणि आम्ही पुण्याच्या गॅलरीत तुळस लावली तर तिला ऊन कुठून मिळेल याबद्दल बोललो.

महिन्याभरात तो गेला. भांडण नाही, कागदबिगद काही नाही, आम्ही आजही नवराबायकोच आहोत. दिवाळीत मी जाते, थंडीत तो येतो. आमच्या मजल्यावर रत्नागिरीकडच्या एक चाची राहतात. त्यांनी ऐकलं तेव्हा म्हणाल्या, "आमच्या गावात बायका मागे राहायच्या आणि पुरुष गल्फला. तू तर सगळं उलटंच केलंस की गं." त्यांना त्यात वाईट म्हणायचं नव्हतं. मला मात्र आठवडाभर ते बोलणं खुपत राहिलं.

त्याला विमानतळावर सोडायला जाताना ट्रेलर काढून ठेवला होता. मागे ओझं नसल्यामुळे गाडी सारखी पुढे पळत होती. तो एकदाच म्हणाला, "सावकाश." मग बॅगा ढकलत आत गेला. काचेच्या दारातून त्याने मागे वळून हात केला, मी केला, आणि संपलं. घरी जाऊन काय करायचं ते मला सुचेना. दुसऱ्या दिवशीचं एक लॉन मी त्याच दिवशी करायचं ठरवलं, शारजाला परत येऊन ट्रेलर जोडला आणि निघाले.

व्हिलाच्या दारात त्या इजिप्शियन बाई होत्या. "आज एकटीच?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले, दोरी ओढून मशीन सुरू केलं आणि भिंतीच्या कडेने कापायला लागले. चालू मशीनच्या आवाजात माणसाला कितीही मोठ्याने रडता येतं आणि कुणाला ऐकू जात नाही. मी ते लॉन दोनदा कापलं.