न कापलेल्या कादंबरीवरचा अभिप्राय

रावसाहेबांनी कादंबरी माझ्या टेबलावर ठेवली, तिच्यावर पंजा दाबला आणि म्हणाले, "बिराजदार, हे पुस्तक आजपासून कोणाला द्यायचं नाही. रविवारच्या मीटिंगला मी ठराव आणतोय."

मी विचारलं, "पानं फाटलीत का?"

"पानं शाबूत आहेत. मजकूर फाटका आहे."

तीस सालची मार्शल लॉची गडबड शमून दोनतीन वर्षं झाली होती. मी सोलापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. माझं गाव मैंदर्गी, घरात कानडी, शाळा मराठी. नेमणूक एका वर्षासाठी, काम बघून कायम करू, असं कमिटीनं सांगितलेलं. त्या वर्षातले नऊ महिने संपले होते. रावसाहेब निवृत्त मामलेदार आणि कमिटीचे उपाध्यक्ष. कायम करणाऱ्यांत त्यांचा शब्द जड. "कानडी घरातला माणूस मराठी पुस्तकं कशी सांभाळणार?" असं मला घेताना त्यांनीच विचारलं होतं. अध्यक्ष म्हणाले होते, "पुस्तकं सांभाळायचीत, लिहायची नाहीत." म्हणून मी आत आलो.

आता हे सगळं ज्या वहीमुळं झालं तिच्याबद्दल सांगतो.

लोक पुस्तक परत करताना टेबलाशी उभे राहून बोलत. हे चांगलं, ते रटाळ. मागची रांग खोळंबायची. म्हणून मी एक लांबडी वही आखली. डावीकडं पुस्तकाचं नाव, उजवीकडं अभिप्राय, खाली सही. दाराजवळच्या स्टुलावर दोरी बांधून ठेवली. पेन्सिलही दोरीनं बांधली, कारण पहिल्या दोन गेल्या होत्या.

पहिला आठवडा कोणी काही लिहिलं नाही. मग एकानं लिहिलं, "छान." दुसऱ्यानं त्याखाली लिहिलं, "यात छान काय आहे?" तिथून वही सुरू झाली. बायकांसाठी गुरुवारची दुपार राखून ठेवलेली असायची. त्यांच्यापैकी एकीनं एका गाजलेल्या कादंबरीबद्दल लिहिलं, "नायिका दोनशे पानांत एकदाही चुलीपुढे बसत नाही. हे लोक जेवतात कुठे?" अक्कलकोटच्या एका व्यापाऱ्यानं चार ओळी कानडीत लिहिल्या. मला लोक अर्थ विचारू लागले. अर्थ एवढाच होता की पुस्तक चांगलं आहे पण अक्षर बारीक आहे, डोळे दुखले.

मल्लय्या नावाचा एक विणकर यायचा. घरचे दोन माग, लुगडी विणायचा, बोलणं तेलुगू वळणाचं. मराठी तो आमच्याच पुस्तकांवरून शिकला होता. त्यानं एका कवितासंग्रहावर लिहिलं, "कवीने माग पाहिलेला नाही. धोटा असा जात नाही." धोटा म्हणजे आडवं सूत इकडून तिकडं नेणारं होडीच्या आकाराचं लाकूड. मी तो संग्रह काढून पाहिला. मल्लय्याचं बरोबर होतं.

थोडक्यात, लोक वहीत काय लिहिलंय ते वाचायला येऊ लागले, आणि आलेच आहेत तर पुस्तकही नेऊ लागले. मी खूश होतो. नवीन पुस्तक आलं की त्याचं नाव मीच वहीत डावीकडं टाकून ठेवायचो. उजवीकडची जागा मोकळी. नाव दिसलं म्हणजे कोणीतरी मागेल, हा हेतू.

अशीच एक नवी कादंबरी आली होती, 'कुमुदचे उलट टपाल'. नवरा रंगूनला आणि बायको इकडं, असा काहीतरी विषय. तिच्यासाठी पहिली मागणी-चिठ्ठी गुरुवारी आली. ती होती रावसाहेबांच्या सूनबाईंची. पुण्याकडच्या, मॅट्रिक झालेल्या. दुसरी चिठ्ठी मल्लय्याची. पण शुक्रवारी सकाळी रावसाहेब स्वतः आले, "घरात मागितलंय ते पुस्तक द्या," म्हणाले आणि घेऊन गेले. दहा दिवसांनी, सोमवारी, ते असं परत आलं, पंजाखाली.

ते गेल्यावर मी नेहमीचं काम केलं. पुस्तक परत आलं की ग्रंथपालानं पानं तपासायची असतात. कोणी चित्र कापलंय का, कोणी तेलाचा डाग पाडलाय का. अंगठा कडेवरून फिरवायचा, पानं भरभर पडतात. इथं माझा अंगठा अडला.

वाचकांना ही गोष्ट माहीत नसेल म्हणून सांगतो. छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि त्या कागदाच्या घड्या घालतात. अशा घड्या एकावर एक शिवल्या की पुस्तक झालं. बांधणारा कडा छाटून देतो तेव्हा पानं सुटी होतात. काही प्रकाशक त्या काळी छाटायचे नाहीत. मग पहिल्या वाचकानं सुरी घेऊन घड्या कापायच्या आणि वाचत जायचं. 'कुमुद' त्यातली होती. पहिली घडी मीच कापली होती, कारण वाचनालयाचा शिक्का नवव्या पानावर मारायचा आमचा नियम. त्या सोळा पानांपुढं पुस्तक जसं छापखान्यातून आलं तसंच होतं. घड्या बंद. आत डोकावायचं तरी वाकून, पानं फुगवून, एका डोळ्यानं बघावं लागलं असतं. रावसाहेबांचा देह आणि मान बघता ते शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा लेखी ठराव आला. "सदर कादंबरीत अखेरीस नायिका कुलीन घर सोडून एका डॉक्टरसमवेत निघून जाते. असे पुस्तक कुटुंबवत्सल लोकांच्या वाचनालयात असणे अनुचित होय. सबब ते काढून टाकावे."

मी चक्रावलो. न कापलेल्या पुस्तकाचा शेवट यांना कळला कसा?

त्याच दुपारी मल्लय्या आला. "सायेब, कुमुद आली की नाही?"

"आलीय, पण कमिटीकडं आहे."

"कमिटी किती दिवसात वाचती?"

"रविवारी कळेल."

"मग तोवर वही बघतो," म्हणून तो स्टुलापाशी गेला. जरा वेळानं म्हणाला, "सायेब, हितं कुमुदचं लिवलंय की. डॉक्टरबरोबर जाती म्हणून."

मी उठून पाहिलं.

वरच्या ओळीत 'चंपावतीचा संसार' या जुन्या कादंबरीवर गिरणीतल्या एका जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, अभिप्राय होता. गडी मोडनिंबकडचा, मनात येईल ते सगळं लिहिणारा. "लई नादर पुस्तक. पर शेवटाला बाई चांगलं घर सोडून डाक्टरासंगं निघून जाती ते काय पटलं न्हाय. नवरा वाईट व्हता का? न्हाय. मग कशाला गेली?" हे अर्धं पान भरून खाली उतरलं होतं आणि मी 'कुमुद'पुढं मोकळ्या ठेवलेल्या जागेत शिरलं होतं. दोन नावांमध्ये मी रेघ मारली नव्हती. डॉक्टरचं वाक्य नेमकं कुमुदच्या नावासमोर आलं होतं.

म्हणजे रावसाहेबांनी पुस्तक वाचलं नव्हतं, वही वाचली होती. आणि वही मी नीट आखली नव्हती.

मग मी दोन दिवस विचार केला. त्यातला बराचसा भित्रेपणाचा होता. एक मार्ग म्हणजे घड्या गुपचूप कापून टाकायच्या. रावसाहेबांची अब्रू राहील, माझी नोकरी राहील, कुमुद रद्दीत जाईल. सुरी हातात घेतलीही होती. पण मल्लय्या रोज येऊन विचारायचा. शिवाय गुरुवारी सूनबाई आल्या. आवाज हळू. म्हणाल्या, "माझी चिठ्ठी होती. मामंजींनी पुस्तक आणलं, पण ते त्यांच्या कपाटात कुलपात होतं. पुन्हा मिळेल का?" मी म्हणालो, रविवारी कळेल. हेच उत्तर मी सगळ्यांना देत होतो. सुरी मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

दुसरा मार्ग मी करून पाहिला. शनिवारी सकाळी रावसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. ते व्हरांड्यात आरामखुर्चीत होते.

मी म्हणालो, "रावसाहेब, त्या कादंबरीची पानं बांधणाऱ्यानं छाटलेली नाहीत. मीटिंगमध्ये हाताळायला अडचण होईल."

"हाताळायची कशाला? काढूनच टाकायचीय."

"कोणी वाचून दाखवा म्हणालं तर?"

"अहो, घाण आहे हे सांगायला घाण सगळी उपसावी लागते का?"

मी नमस्कार करून परत आलो.

रविवारी सकाळी नऊला कमिटी जमली. पाचजण. अध्यक्ष डॉक्टर होते, चाटी गल्लीकडं दवाखाना, वय साठीच्या पुढं. ठराव वाचून झाला तसे त्यांनी चष्मा काढला.

"डॉक्टर? कसला डॉक्टर?"

रावसाहेब म्हणाले, "डॉक्टर म्हणजे डॉक्टर."

"तसं नाही. आमच्या धंद्याचा प्रश्न आहे. एल.एम.पी. का कोणी वैद्यबिद्य? वागला कसा, ते बघायला पाहिजे. ते पान काढा बघू."

मी पुस्तक रावसाहेबांपुढं ठेवलं. त्यांनी ते उचललं. शेवटाकडं अंगठा लावला. अंगठा अडला. मग मधे लावला. तिथंही अडला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. शनिवारी मी काय सांगायला आलो होतो ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं. मी छताकडं पाहिलं.

"काय झालं?" अध्यक्ष म्हणाले. "द्या इकडं." पुस्तक हातात घेऊन त्यांनी कडा पाहिल्या आणि मला म्हणाले, "बिराजदार, सुरी आहे का?"

मी सुरी दिली. अध्यक्षांनी, फोड कापावी तशी, शेवटची घडी सफाईनं कापली आणि शेवटची चार पानं मोठ्यानं वाचली. नवरा रंगूनहून परत येतो, दोघं चहा पितात आणि इतकी पत्रं लिहिलेल्या या दोघांना समोरासमोर बोलायला काही सुचत नाही. संपलं.

अध्यक्ष म्हणाले, "रावसाहेब, यात डॉक्टर नाही. कंपाउंडरसुद्धा नाही."

रावसाहेबांचे कान लाल झाले होते. मला त्यांची दया आली, आणि स्वतःची त्याहून जास्त. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चूक माझी आहे. वहीत रेघ मारायची राहिली. वरच्या पुस्तकाचा अभिप्राय खालच्या पुस्तकासमोर आला. वाचणाऱ्याची फसगत होणारच." आणि वही पुढं ठेवली.

सगळ्यांनी जॉबरचा अभिप्राय वाचला. एक सभासद खोकल्यासारखं करून हसले. रावसाहेब मला वाटतं सुटकेचा श्वास टाकणार होते. तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, "मग हा डॉक्टर 'चंपावतीच्या संसारा'त आहे तर. ते पुस्तक आपण कशाला घेतलं?"

मी म्हणालो, "घेतलं नाही. देणगी आहे."

"कोणाची?"

मी रजिस्टर उघडलं. खरं तर उघडायची गरज नव्हती. "रावसाहेबांची. त्यांच्या वडिलांच्या संग्रहातली पेटी आली होती, त्यातलं."

आता मात्र कोणी खोकल्याचं सोंग केलं नाही. अध्यक्षांनी हसू आवरलं आणि गंभीरपणे विचारलं, "मग रावसाहेब, ठरावात नाव बदलायचं का? 'चंपावती' काढून टाकू या?"

रावसाहेबांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. मग मामलेदारी आवाजात म्हणाले, "वाचल्याशिवाय कसं सांगणार?"

हे वाक्य मी मिनिटबुकात जसंच्या तसं लिहिलं.

त्यांचं मोठेपण असं की पुढचा ठराव त्यांनीच मांडला. यापुढं वहीत अभिप्राय देणाऱ्यानं आपण कितव्या पानापर्यंत वाचलं ते सहीशेजारी लिहावं. एकमतानं पास झाला. मला लेखी समज मिळाली की वही रेघा मारून आखावी. तीन महिन्यांनी मला कायम केलं. सूचक रावसाहेब.

त्या रविवारी 'कुमुद' तेच पुन्हा घरी घेऊन गेले. मल्लय्याला मी सांगितलं, आणखी आठ दिवस. तो म्हणाला, "कमिटी पुन्हा वाचती का?" मी म्हणालो, "पहिल्यांदाच."

आठ दिवसांनी पुस्तक आलं. सगळ्या घड्या कापलेल्या, बारीक, एकसारख्या. वहीतला अभिप्राय वळणदार बायकी अक्षरात होता आणि खाली रावसाहेबांची थरथरती सही. "अक्षर बारीक असल्याने सूनबाईकडून वाचून घेतले. शेवट बरा आहे. मधल्या पत्रांच्या वेळी सूनबाई दोनदा थांबली. पान दोनशे बारापर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, ऐकले." त्यांचा मुलगा तेव्हा नोकरीनिमित्त कराचीला असायचा, हे मला नंतर कळलं.

पान लिहायच्या नियमानं वही मात्र जवळजवळ बंद पडली. पूर्वी महिन्याला पाचसहा पानं भरायची, आता अर्धं भरेना. मल्लय्या आणि तो जॉबर, एवढे दोघंच नियमित राहिले. जॉबर लिहायचा, "पान चाळीस. पुढं झोप आली."

पुढं मी तीस वर्षं त्या टेबलावर काढली आणि पुस्तकांवरची पुष्कळ मतं ऐकली. मत द्यायला पुस्तक वाचावं लागत नाही. ते मागं घ्यायची वेळ आली की मात्र वाचावंच लागतं.