पांढरं पडलेलं वळं

सोन्याला काही होत नाही, असं माझी आई म्हणायची. लोखंड गंजतं, तांबं हिरवं पडतं, चांदी काळी होते. पण सोनं उकिरड्यात पडलं तरी धुतल्यावर होतं तसंच निघतं. हे ती इतक्या ठामपणे सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, या घरात सोन्याच्या लगडी असतील. प्रत्यक्षात तिच्याजवळ होतं एक मंगळसूत्र आणि उजव्या हाताच्या बोटात एक वळं. वळं म्हणजे नक्षी नाही, खडा नाही, अशी साधी अंगठी. कर्जतकडच्या तिच्या माहेरातून आलेलं एवढंच काय ते तिच्याकडे उरलं होतं.

आम्ही तेव्हा भिंगारला राहत होतो. लढाई चालू होती. आबा, म्हणजे माझे वडील, लष्करी दवाखान्यात औषधांच्या कोठीवर कामाला होते. माझं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास आईला ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घाम येऊन उतरायचा. खोकला तर होताच. काय झालंय ते घरात सगळ्यांना कळत होतं, पण दुखण्याचं नाव कोणी तोंडातून काढत नव्हतं.

लग्नात जावयाच्या बोटात अंगठी घालायची, ती कुठली, हे आईने केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिचं वळंच. ते आटवून नवी घडवायची नाही, आहे तेच द्यायचं. नवऱ्या मुलाच्या बोटाचं माप तिकडून दोऱ्याला गाठ मारून आलं, तेव्हा तिने तो दोरा वळ्यावर ठेवून पाहिला. तंतोतंत जमला. मुलगा शाळामास्तर होता. आई हसून म्हणाली, "जावई लई नाजूक बोटांचा मिळाला गं. ह्यो काय औत धरायचा न्हाई." पण माप जुळलं याचा तिला एवढा आनंद झाला होता की तो दोरा तिने देवाजवळ नेऊन ठेवला.

तिच्या स्वतःच्या बोटात मात्र आता वळं राहत नव्हतं. ते गळून पडू नये म्हणून तिने त्याला आतून सूत गुंडाळलं होतं. अंथरुणात पडल्यापडल्या ती मला सोन्याचं शिक्षण देई. अंगठीचं माप थंडीत घेऊ नये, बोट आकसलेलं असतं. अंगठी पेरावरून जाताना थोडी अडली पाहिजे आणि निघतानाही अडली पाहिजे. फार पिवळी दिसली म्हणून भुलू नये, सोनाराला कसोटीवर घासून दाखवायला सांगावं. पीठ मळताना काढून ठेवावी. रिठ्याच्या पाण्यात भिजवून जुन्या धोतराच्या फडक्याने पुसावी, राख लावून घासू नये. मी तिचे केस विंचरत असे आणि ती बोलत असे. तिचं डोकं माझ्या मांडीला टेकलेलं असे. लग्नाआधीच्या त्या दिवसांतलं मला हेच सगळ्यात जास्त आठवतं.

आबांनी डॉक्टरांना विचारून ताप मोजायची काचेची नळी घरी आणली होती. एके दुपारी ती आईच्या हातून निसटली आणि पाटाच्या कडेवर आपटून फुटली. आतला पारा मण्यांसारखा जमिनीवर पळाला. आईने आयुष्यात असलं काही पाहिलं नव्हतं. ती अंथरुणातून वाकली आणि बोटाने एकेक मणी ढकलत तळहातावर गोळा करू लागली. दोन मणी जवळ आले की एक होत. हात कलता केला की सगळे बोटांच्या बेचक्यात जाऊन बसत. "आगं, ह्ये जित्तं हाय की काय!" म्हणत ती लहान पोरीसारखी हसत होती. मीही हसत होते. आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं की सोन्याचं आणि पाऱ्याचं वाकडं असतं.

दिवेलागणीला तिचं लक्ष बोटाकडे गेलं. वळं पांढरं पडलं होतं. पितळी नाही, मळकं नाही, चांदीसारखं पांढरं. तिने पदराने पुसलं, मग रिठ्याचं पाणी मागवलं, मग माझ्या हातात दिलं आणि लगेच परत ओढून घेतलं. मला म्हणाली, "हात धू जा. साबन लावून धू."

ज्या सोन्याला माती, पाणी, आग काही करू शकत नाही, त्याला आपल्या दुखण्याने गाठलं, असं तिने मनात पक्कं धरलं. "माझा रोग सोन्याला लागला. मग पोरीला का सोडंल?" असं ती आबांना म्हणाली, आणि त्या संध्याकाळपासून तिने मला जवळ येऊ दिलं नाही. केस विंचरायला गेले तर फणी काढून घेई. पाणी दारात ठेवायला लावी. मी रडले, रागावले, जेवणार नाही म्हणाले. ती फक्त म्हणे, "लांब हो."

आबांनी वळं सोनाराकडे नेलं. त्याने पाहताक्षणी सांगितलं की हा पारा आहे. अंगणात, वाऱ्याच्या बाजूला बसून त्याने ते निखाऱ्यावर तापवलं. वळं पुन्हा पिवळं झालं, पण त्याची तकाकी गेली आणि अंगाला बारीक खड्डे पडले. आता हे ठिसूळ झालंय, रोजच्या वापराचं राहिलं नाही, असंही तो म्हणाला. आबा धावतपळत घरी आले आणि उंबऱ्यातूनच त्यांनी वळं आईला दाखवलं.

तिने ते उजेडाला धरून फिरवून पाहिलं. "वरनं मुलामा दिलाय," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हनून. आतनं पांढरंच आसंल."

"अगं, पाऱ्यानं हुतं तसं. दवाखान्यातनं पारा आनतो आन तुज्या म्होरं लावून दावतो."

"कशाला लावून दावनार? घरात दुसरं सोनं हाय कुठं?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. दुसरं सोनं तिच्या गळ्यात होतं. "त्यातला एक मनी..." एवढंच ते म्हणाले आणि आईने मंगळसूत्र मुठीत धरलं. "तुमी येडं झालाव का? माझं कुकू पांढरं करून दावताव?"

आबांनी वळं फडक्यात बांधून पेटीत ठेवलं आणि माझ्या लग्नासाठी बाजारातून एक पातळ अंगठी आणली. मापाला तोच दोरा नेला होता. लग्न घरासमोरच्या मांडवात लागलं. आई आतल्या खोलीत खाटेवर बसून दारातून बघत होती. आम्ही पाया पडायला गेलो तर तिने पाय लुगड्यात ओढून घेतले आणि लांबूनच अक्षता टाकल्या. तिची नजर जावयाच्या बोटावर होती.

तिने मला लांब ठेवलं ते शहाणपणाचंच होतं, हे मला आज कळतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं असतं. कदाचित त्यामुळेच मी हे लिहायला उरले. पण डॉक्टरांनी सांगितलं असतं तर ती पथ्य पाळते आहे असं मी समजले असते. ती मात्र आपण सोनंसुद्धा नासवणारी बाई आहोत असं समजून मुटकुळं करून पडून राहिली. मला त्या पाऱ्याचा अजून राग आहे. निर्जीव वस्तूवर कसला राग, असं कोणी म्हणालं तर खुशाल म्हणो.

आषाढाला मी माहेरी आले, तेव्हा ती गेली. सकाळची वेळ होती, ऊन नुकतं ओसरीवर आलं होतं. शेजारच्या मावशींनी तुळशीचं पान आणलं, गंगेच्या पाण्याची लोटी उघडली. सोन्याचा कण पाहिजे, म्हणाल्या. तोंडात सोनं घातल्याशिवाय आमच्यात कोणाला पाठवत नाहीत. मंगळसूत्रातला मणी काढू का, असं त्यांनी विचारलं. आबांनी नको म्हणून मान हलवली आणि पेटीतलं फडकं आणून माझ्या हातात ठेवलं.

मी अडकित्त्यात वळं धरून दाबलं. सुपारीलाही याहून जोर लागतो. ते खड्ड्यांच्या जागी तुटलं आणि एक बारीक तुकडा माझ्या तळहातावर पडला. बाहेरून ते निस्तेजच होतं. पण तुटलेल्या जागी, आत, ते पिवळंधमक होतं, तिच्या बापाने दिलं असेल त्या दिवसासारखं.

मी तो तुकडा तिच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर धरला. "आये, बघ, आतनंबी पिवळंच हाय," मी म्हणाले. मग मी तिच्याजवळ सरकून बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन बोटांनी तिचे ओठ उघडून तो कण आत ठेवला. लांब हो म्हणायला आता ती नव्हती.