दोन सीटची गाडी आणि पळसदेवची वरात

"गाडी घेऊनच या, वहिनी. गाडी येणार नसेल तर तुम्ही नाही आलात तरी चालेल." असं आमंत्रण मला आयुष्यात एकदाच आलं. विलासच्या लग्नाचं.

विलास बारामतीजवळच्या सांगवीचा. पुण्यात आयटीआय करताना तो आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. रोज सकाळी माझी गाडी ढकलून सुरू करून द्यायचं काम त्यानं आणि माझ्या नवऱ्यानं, श्रीधरनं, आपसात वाटून घेतलं होतं. पुढं त्याला लोणी देवकरला एका कारखान्यात नोकरी लागली, पळसदेवच्या मुलीशी लग्न ठरलं, आणि त्यानं घरी सांगून टाकलं की वरात निघेल ती वहिनींच्या लाल गाडीतूनच.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. हल्ली कुणी विचारलं की जुनी स्पोर्ट्स कार घेऊन पुण्याबाहेर जावं का, की मी हीच सहल सांगते. पुढचं ज्याचं त्यानं ठरवावं.

गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. इतकी नावं ठेवल्यावर नाव सांगणं बरं दिसत नाही. विलायती, बुटकी, दोन दारं, दोन सीटा, वर कापडी टप. हा टप पाऊस सुरू झाल्यावर चढवायला घेतला की पाऊस थांबेपर्यंत चढायचा. माझ्या वडिलांनी ती एका चहामळ्याच्या साहेबाकडून घेतली होती. माझ्याकडं आली तोवर मैलांचा आकडा पूर्ण एक फेरा मारून पुन्हा शून्यापासून निघाला होता. पेट्रोलचा काटा कधीच गेलेला, त्यामुळं टाकीत काठी बुडवून बघायचं. पण मोकळ्या रस्त्यावर सोडली की हरणासारखी जायची. गर्दीत, हळू चालवायला लागलं की मात्र तिला राग यायचा आणि ती तापायची. श्रीधरला गाडी चालवता येत नव्हती. पाण्याचा कॅन, पाने आणि कापडाचं बोचकं पायाशी घेऊन तो शेजारी बसायचा.

माघातल्या एका पहाटे आम्ही हडपसर सोडलं. तेव्हाचा सोलापूर रस्ता आजच्यासारखा ऐसपैस नव्हता. समोरून ट्रक आला की लहानानं डांबर सोडून खाली उतरायचं, हा नियम. आणि आमच्यापेक्षा लहान त्या रस्त्यावर फक्त सायकली होत्या. यवतला चहा, चौफुल्याला गरम कांदाभजी आणि गाडीला पाणी. भज्यांचे पैसे दिले तेवढ्यात हॉटेलवाल्यानं पाणी फुकट घातलं आणि वर विचारलं, "टप चोरीला गेला का?"

पाटसला उजवीकडं वळलं की बारामतीचा रस्ता. साखर कारखान्यांचे दिवस होते. उसाच्या ट्रॉल्या पुढं, आणि त्यातनं गळून पडलेले ऊस रस्ताभर. जीप, एसटी त्यावरून सुखानं जात होत्या. आमच्या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरच वर. पहिला ऊस खाली अडकला तेव्हा नुसता खर्रर्र आवाज आला. पाच-सहा ऊस अडकल्यावर काकवीचा वास सुटला. सायलेन्सरच्या नळीला लागून ऊस भाजायला लागला होता. बारामतीत शिरलो तेव्हा आमच्या मागं निळसर, गोड धुराची शेपटी होती. स्टँडजवळ सायकल धरून उभ्या असलेल्या एकानं हात करून थांबवलं.

"बाई, गाडीत गुऱ्हाळ चालू हाय का?"

एका गॅरेजात ऊस उपसले, लटकलेल्या सायलेन्सरला डाग मारून घेतला. श्रीधरनं उपसलेल्यातला एक न भाजलेला ऊस सोलून सांगवीपर्यंत खाल्ला. सूचना: उसाच्या हंगामात या भागात बुटकी गाडी आणू नये. आणली तर दात चांगले असलेला नवरा सोबत असावा.

सांगवीला विलासच्या दारात हळदीची गडबड चालली होती. त्याचे आजोबा, आबा, काठी टेकत गाडीपाशी आले. आबांचं तरुणपण मेंढरांमागं गेलेलं. आता घरचा ऊस होता, पण नजर जनावर पारखायचीच राहिली होती. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पुढची जाळी बघितली.

"लई चाललीय," ते म्हणाले. "दात झिजल्यात. खाती किती?"

"बरीच खाते, आबा."

"आन् उभी ऱ्हात न्हाय वाटतं धड? आमची मेंढरं हिच्यापरीस उंच हुती."

मग श्रीधरकडं वळून, "पावनं, तुमी का न्हाय चालवत?"

"मी ढकलतो," श्रीधर म्हणाला. आबांनी मान हलवली. उत्तर त्यांना पटलं असावं. त्या जेवणात बाजरीची भाकरी आणि रस्सा वाढताना ते श्रीधरला "कष्टाळू मानूस हाय" म्हणून दोनदा आग्रह करून गेले.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड ट्रकमध्ये, मानाची माणसं जीपमध्ये, आणि मागं आम्ही. बारामतीवरून भिगवण. तिथं उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी रस्त्याजवळ येतं. लांब उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी होती. माझ्या मनात होतं दहा मिनिटं थांबावं. पण थांबलं की पुन्हा ढकला, आणि श्रीधर नव्या सदऱ्यात होता. चालता चालताच बघितलं.

पळसदेवला मुलीच्या दारातला मांडव थेट पाण्याकडं तोंड करून घातलेला. धरणात पाणी भरपूर होतं, त्यात बुडालेल्या जुन्या देवळाचा नुसता वरचा भाग दिसत होता. मुलीचे वडील, तात्या, भाजीपाल्याचे बागायतदार. वांगी, टोमॅटो, मिरची, सगळं इंदापूरच्या बाजाराला जायचं. लग्न दुपारी वेळेवर लागलं, पंगती उठल्या, बुंदी उत्तम होती. आणि मग वरातीची वेळ झाली. ठरलं असं होतं की मांडवापासून हमरस्त्यापर्यंत वाजतगाजत गाडीतून जायचं आणि तिथून नवरा-नवरीला जीपमध्ये घालून सांगवी.

गाडीला झेंडूच्या माळा लागल्या. विलास फेटा सावरत येऊन उभा राहिला. नवरी, संगीता, शालू नेसून आली. मी स्टिअरिंगवर बसले. तेव्हा कुठं दोन्हीकडच्या मिळून दीडदोनशे माणसांच्या लक्षात आलं की सीटा दोनच आहेत.

क्षणभर बँडसुद्धा थांबला.

"नवरी हितं बसंल, नवरदेव मागं डिकीवर," कुणीतरी म्हणालं.

आबा भडकले. "नवरदेव काय बोचकं हाय व्हय डिकीवर टाकायला?"

"मंग नवरदेव बाईंशेजारी बसू द्या, नवरी जीपमधी."

विलासची आत्या पुढं आली. "शेजारी ह्या बसल्या तर बघनारा इचारंल की, नवरी कंची म्हणून!"

मी घाईघाईनं खाली उतरले. विलासला गाडी चालवता येत नव्हती. दोन वर्षं ढकलली, पण आत बसून कधी हाकली नाही. तो माळा घातलेल्या गाडीकडं असा बघत होता की माझ्याच्यानं बघवेना. तेवढ्यात मागून आवाज आला.

"तात्या, मी चालवते की."

सगळ्यांनी वळून बघितलं. संगीता मुंडावळ्या कानामागं सारत होती.

"ती ट्रॅक्टर चालवती," तात्या जरा संकोचून आबांना म्हणाले. "भाजी बाजारात तीच नेती. हात साफ हाय."

"पहिल्याच दिशी सून नवऱ्याला हाकनार?" आबा म्हणाले. मग त्यांनी विलासला विचारलं, "तुला चालतंय का?"

"आबा, मला बसायचंय. चालवू द्या कुनालाबी."

आबांनी काठी आपटली. ती परवानगी होती की राग, कुणाला कळलं नाही, म्हणून सगळ्यांनी परवानगी धरली.

मी संगीताला गिअर दाखवले. दुसरा गिअर सरळ पडत नाही, आधी जरा तिसऱ्याकडं नेऊन मग ओढायचा. तिनं एकदा करून बघितलं, खडखड झाली, दुसऱ्यांदा बसला. "क्लच लईच हलका हाय ओ ताई," ती म्हणाली आणि ट्रॅक्टरच्या हिशेबानं पाय सोडला. गाडीनं जी उडी घेतली तिच्यात सनईवाला बाजूच्या मेथीच्या वाफ्यात गेला. पुढची दहा पावलं बँड वाजवण्याऐवजी पळत होता. मग तिला पाय सापडला आणि वरात चालू झाली.

वरातीचा वेग म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही कमी. त्या गाडीचा जन्म याच्या अगदी उलट कामासाठी झाला होता. शाळेजवळ तापमानाचा काटा वर सरकला, चावडीपाशी बॉनेटमधून वाफ निघायला लागली. काही बायकांना वाटलं शोभेसाठी केलंय. त्यांनी कौतुकानं माना डोलवल्या. श्रीधर कॅन घेऊन शेजारून चालत होता, आणि नाचणारे दमून थांबले की चटकन बॉनेट उघडून पाणी घालत होता. बघणाऱ्यांना तोही एक विधीच वाटला असणार, कारण एका म्हाताऱ्यानं त्याच्या कपाळाला गुलाल लावला.

हमरस्ता आला. जीप उजवीकडं, भिगवणच्या दिशेला तोंड करून उभी होती. गाडी आता किटलीसारखी शिट्टी देत होती.

"ताई, ही थंड कशी हुती?" संगीतानं ओरडून विचारलं.

"वारा लागला की! पळवली की आपोआप होते!"

तिनं माझ्याकडं बघितलं. विलासकडं बघितलं. मग डावीकडं बघितलं. इंदापूरकडचा सरळ, मोकळा रस्ता. तिसऱ्याकडं नेऊन दुसरा ओढलेला मी डोळ्यांनी पाहिला. पुढचं मात्र फक्त ऐकलं, कारण धूळ उडाली. धूळ बसली तेव्हा झेंडूची एक माळ रस्त्यावर पडली होती आणि गाडी दिसत नव्हती.

"गेली की!" जीपचा ड्रायव्हर म्हणाला.

आधी सगळे हसले. येतील आता वळून, असं वाटलं. मग कुणी हसेना. सांगवीकडचे एका बाजूला झाले, पळसदेवकडचे एका बाजूला.

विलासची आत्या म्हणाली, "तुमची पोरगी आमचा पोरगा घेऊन पळाली!"

"आवो, लगीन लागलंय त्यांचं," तात्या कळवळून म्हणाले. "आता पळून जायचं कुठं आन् कशाला?"

माझ्या डोळ्यांपुढं एकेक येत होतं: ट्रकांचा रस्ता, अनोळखी गाडी, शालूचा पदर. श्रीधर माझ्या कानाशी म्हणाला, "सकाळी काठी घातली होती मी. जेमतेम बोटभर पेट्रोल आहे." तात्या ट्रॅक्टर आणायला धावले. आबा रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसून होते. ते काठीनं मातीत रेघा ओढत होते, आणि मला त्यांचीच जास्त भीती वाटत होती.

ट्रॅक्टर आला, सुरू झाला, आणि त्याच्या आवाजातूनही मला तो दुसरा आवाज कळला. वीस गाड्यांत ओळखला असता. इंदापूरकडून, विलासच्या लोणी देवकरच्या बाजूनं लाल ठिपका येत होता. वाफ नाही, शिट्टी नाही, झकास पळत होती. संगीतानं जीपच्या बरोब्बर मागं, हातभर अंतर ठेवून उभी केली. दोघांच्या मुंडावळ्या पाठीवर गेलेल्या. विलासच्या डोक्यावर फेटा नव्हता.

आबा उठले. "फेटा कुठाय?"

"वाऱ्यानं गेला," विलास म्हणाला. चेहरा असा की फेट्याबरोबर आणखी काही गेलं असतं तरी त्याला चाललं असतं.

"आन् तुमी कुठं गेला हुता?"

विलासनं संगीताकडं बघितलं. संगीता खाली बघत म्हणाली, "ब्रेकच लागंना, आबा. थांबवायची हुती, पन थांबंना."

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या.

"व्हय का ओ बाई?" आबांनी विचारलं. "ब्रेक खराब हाय का गाडीचा?"

ब्रेक मी निघायच्या आधीच नवे बसवून घेतले होते. त्या गाडीत धड असलेली तेवढी एकच गोष्ट होती. संगीतानं मान वर केली नाही, पण तिचा हात शालूच्या काठाशी घट्ट आवळलेला दिसला.

"हो आबा," मी म्हणाले. "ब्रेकचं काही खरं नाही. कधी लागतात, कधी नाही."

आबांनी जीपच्या मागं हातभर अंतरावर उभ्या गाडीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

"मंग बरोबर," ते म्हणाले. "चला, बसा जीपमधी. दिवस मावळायच्या आत घरी पोचाया पायजे."

जीपमध्ये चढता चढता संगीता माझ्यापाशी थांबली. "ह्यांनी कंपनीचं गेट दावलं," ती हळूच म्हणाली. "लगीन ठरल्यापासनं आमी दोघं एकदाबी बोललो नव्हतो ओ, ताई." आणि चढून गेली.

रात्री आम्ही इंदापूरला स्टँडजवळच्या एका लॉजवर राहिलो. आंघोळीला एक बादली गरम पाणी, चादरी स्वच्छ, तक्रार नाही. सकाळी परतताना भिगवणला उजनीच्या माशाचं कालवण आणि ज्वारीची भाकरी खाल्ली. या रस्त्यानं जाणाऱ्यानं ते चुकवू नये, मग गाडी कुठलीही असो.

भिगवण सोडल्यावर सरळ रस्त्याला श्रीधर अचानक म्हणाला, "मला शिकवशील?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यानं कधी विचारलं नव्हतं, मीही कधी म्हटलं नव्हतं. मी गाडी कडेला घेतली, आम्ही जागा बदलल्या, आणि गाडी माझ्याकडं आल्यापासून पहिल्यांदा मी तिच्या डाव्या सीटवर बसले. दोन मिनिटांत कळलं की सीटची एक स्प्रिंग थेट माकडहाडात घुसते. पाच मिनिटांत कळलं की चटईखालच्या पत्र्याला भोक आहे आणि इंजिनाची सगळी गरम हवा बसणाऱ्याच्या डाव्या घोट्यावर येते. भट्टीपाशी पाय ठेवल्यासारखी. मी पाय आखडून घेतला तर गुडघा डॅशबोर्डला लागला.

"हे असं कायम होतं?" मी विचारलं.

"काय?" तो जीव मुठीत धरून समोर बघत होता. पहिल्या गिअरमध्ये होता, गाडी ओरडत होती.

"स्प्रिंग. आणि ही हवा."

"हो, उन्हाळ्यात जरा जास्त असते," तो म्हणाला. "क्लच आत्ता दाबू?"

"दाब. सहा वर्षांत एकदाही बोलला नाहीस?"

"तू गाडी चालवताना गाणी म्हणतेस," श्रीधर म्हणाला. "मध्येच कुठं सांगायचं."

त्यानं दुसरा गिअर टाकला. खडखड झाली, पण बसला. पाटसपर्यंत त्यानंच चालवली. मी गाणं म्हटलं नाही, नुसता घोटा चोळत बसले. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी पत्रा मारून घेतला आणि सीट नव्यानं भरून घेतली. गाडी तशीच तापते, टप तसाच उशिरा चढतो. पण त्यानंतर कुठंही निघालो की अर्धा रस्ता मी डावीकडं बसते.