भोंगा मालकाच्या दाराकडे
बहिणीचं वर्षश्राद्ध, १९९५. भोंग्याचं भाडं साठ रुपये. हजर मी, धाकटा भाऊ आणि भोंगेवाला. ब्रेक नादुरुस्त असलेल्या जीपच्या अपघातात ती गेली, पण आमच्याच नेकनूरच्या जीपमालकानं वर्षभर तोंड दाखवलं नव्हतं. भावानं तिच्या शेवटच्या प्रवासाची आठ गाणी केली होती, कर्कश गिटार आणि ड्रमवर. भजनाऐवजी त्याच गाण्यांची कॅसेट लावून आम्ही भोंगा जीपमालकाच्या दाराकडे वळवला. तो धावत आला. "कावून कालवा लावलाय बे? भजन लाव!" भाऊ म्हणाला, "दम धरा मालक, तुमच्या जीपचं गाणं अजून यायचं हाय." मालकानं बंद करायला शंभराची नोट पुढं केली, भोंगेवाल्यानं आवाज वाढवला. सहाव्या गाण्यात गिटार ब्रेकसारखी किंचाळली, तसा मालक मटकन खाली बसला. आज इतक्या वर्षांनी कपाटात ती कॅसेट सापडली, तरी मला मालकाची दया येत नाही. त्या दिवशी भोंगेवाल्याला साठच रुपये दिले. तेवढ्याच भाड्यात त्यानं कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली.