अष्टमीची बाटली

"मी लिवलंय तां बरोबर हाय, तुमी वाचलंत तां चुकलंय," असं धोंडुबाई एकदा म्हणाली. मार्च १९९७मध्ये, पेणच्या एका सरकारी कचेरीत. खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. टाइपरायटरपुढे बसलेल्या कारकुनाने ते टाइप केलं नाही.

ती पेणजवळच्या खारपट्ट्यातली, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवरची. मिठागराचे महिने मीठ ओढायचं, उरलेले महिने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जवळा, ती बारीक कोळंबी, धरायचा. नवरा खाडीतच बुडून गेला होता. पुढे वरच्या अंगाला एक कंपनी आली, तिचा पाइप खाडीत सुटला आणि पाणी काढ्यासारखं दिसू लागलं. जवळा विरळ झाला. गावाने अर्ज केले. कंपनीने उलट दुसऱ्या पाइपाची परवानगी मागितली.

साक्षरतेच्या वर्गात धोंडुबाई अक्षरं शिकली तेव्हा तिची पंचेचाळिशी उलटली होती. पण शिकलेलं लिहायचं कुठे? घरी कागद नव्हता आणि पत्र पाठवावं असं माणूस नव्हतं. मिठागरातल्या ओल्या चिखलावर ती काडीने नाव लिही. थोड्या वेळाने त्यावर मिठाचा पांढरा थर धरे.

मग ऋजुता आली. पेणच्याच एका मास्तरांची मुलगी, मुंबईच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी. पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, ज्यांना ती प्राणीप्लवक म्हणे, त्यांच्या जाती तिला मोजायच्या होत्या. जवळा त्यांच्यावरच जगतो.

"भिंगाखाली यांची पिल्लं सगळी सारखीच दिसतात, धोंडुबाई. म्हणून त्यांच्या आतली खूण वाचायची. डीएनए म्हणतात तिला. मशिनीत घातली की तिचे पट्टे उमटतात. जात वेगळी, की पट्टे वेगळे."

"म्हंजे तीपन लिवलेलीच हाईत," धोंडुबाई म्हणाली.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला ऋजुता स्वतः येई, नमुने घेई, चिठ्ठीवर इंग्रजीत लिही. भांगेच्या भरतीला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला पाणी सुस्त असतं तेव्हा, तिला सुट्टी मिळत नसे. ते काम तिने धोंडुबाईला दिलं. तलम कापडाचं जाळं ओढायचं, त्यात उरेल ते स्पिरिटच्या बाटलीत ओतायचं आणि आत चिठ्ठी टाकायची. शाई विरघळते म्हणून पेन्सिलीने लिहायचं. काय लिहायचं? "कधी घेतलं ते लिहा," ऋजुता म्हणाली.

धोंडुबाईने लिहिलं: अष्टमी. खाडीवर दुसरं 'कधी' नसतं. तारखेने पाणी चढत नाही.

"गो धोंडे, ह्या बाटलीत हाय तरी काय?" शेजारची शांती बांधावरून ओरडे. "मना तं कायपन दिसत नाय."

"न दिसनाऱ्यांचीच मोजनी हाय."

"मंग आपलीपन व्हनार म्हनायची एक दिवस!"

दोघी हसत. सहा महिन्यांत धोंडुबाईने बारा बाटल्या भरल्या. बारा वेळा तोच एक शब्द, दर खेपेला अधिक सरळ. आयुष्यात तिने दुसऱ्या कुणासाठी लिहिलेलं एवढंच.

त्याच खोक्यातून रोह्याचे नमुनेही मुंबईला जात. ते प्रयोगशाळेचा माणूस घेई. आणि रोह्याला नदीपलीकडे अष्टमी नावाचं गाव आहे. प्रयोगशाळेत नोंदवही लिहिणाऱ्याने शब्द वाचला आणि बाटल्या रोह्याच्या रकान्यात लिहिल्या. तयार रकाने हाती आले तेव्हा पेणला वाढलेल्या ऋजुतालाही त्यात काही खटकलं नाही. अष्टमी म्हणजे रोह्याची, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या पाइपाच्या सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी ऋजुताचाच अहवाल वाचला. "पेणची खाडी, एक्केचाळीस जाती. रोह्याची अष्टमी, सहा. साहेब, जिथे एक्केचाळीस जाती सुखाने नांदतात तिथे तक्रार कसली?"

धोंडुबाई मागच्या बाकावर होती. ती उभी राहिली. "अष्टमी गाव नाय, साहेब. तिथी हाय. भांगेला पानी हालत नाय, कंपनीचं पानी थितंच ऱ्हातं. ती सहा आमचीच हाईत."

ऋजुताचा चेहरा उतरला. तिने घाईने पानं उलटली आणि हळू आवाजात चूक कबूल केली.

"आकडे उलटे पडल्यावर गावाची तिथी झाली," वकील हसले. "उद्या एकादशी निघेल."

तेव्हा धोंडुबाई ते वाक्य बोलली, 'मी लिवलंय तां बरोबर हाय.'

सुनावणी घेणारे साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त दमलेले होते. ते म्हणाले, "हे बघा बाई, चिठ्ठीवर तारीख नाही, जागा नाही. मी अहवालातली नोंद बदलू शकत नाही. अहवाल आहे तसा धरला, तर दुसऱ्या पाइपाला आज परवानगी द्यावी लागेल. किंवा तुम्ही लिहून द्या, की मला लिहिता-वाचता येत नाही, चिठ्ठ्या माझ्या हातून चुकल्या. मग अहवालच बाद. पावसाळ्यानंतर नव्याने नमुने. तोवर पाइप थांबेल."

"साहेब, त्यांना लिहिता येतं," ऋजुता म्हणाली. "चूक माझी आहे, मी लिहून देते."

"तुमची सही अहवालावर आहेच, मॅडम. आता तुम्हीच तो चुकला म्हणालात, तर वकील मानणार नाहीत."

कारकुनाने जबाब टाइप केला. धोंडुबाईने कागद हातात घेतला आणि बोट फिरवत सगळा वाचला. सही करायला म्हणून तिने कारकुनाच्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं. त्याने शाईचा पॅड पुढे सरकवला.

"सही नाही चालणार, बाई. लिहिता येत नाही म्हटलंय वर. अंगठा."

तिने डावा अंगठा पॅडवर दाबला, मग कागदावर. वळ्यावळ्यांचा निळा ठसा उमटला. ऋजुता दुसरीकडे पाहत होती.

साहेबांनी कारकुनाला शेवटची ओळ सांगितली, "यापुढील नमुने साक्षर व्यक्तीकडूनच घेण्यात यावेत."

अंगठा पुसायला कारकुनाने चिंधी दिली. धोंडुबाईने ती घेतली नाही. पिशवी उचलली, बाकांमधून वाट काढली आणि ती बाहेर पडली.